सोनखताची बंडी

माझं लग्न ठरलं तेव्हा 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होतं : "अकोल्याला असतो, नगरपालिकेत, आरोग्य खात्यात." आई हे उत्तर अंबादेवीच्या देवळात भेटणाऱ्या प्रत्येक बाईला देई आणि देता देता त्यात थोडी भर घाली. साखरपुड्यापर्यंत माझा होणारा नवरा डॉक्टर नसला तरी डॉक्टरच्या बरोबरीचा कोणीतरी झाला होता. माझे वडील भिक्षुकी करत. अमरावतीपासून थेट अंजनगाव सुर्जीपर्यंत त्यांचे यजमान पसरलेले होते. या गप्पांत बाबा कधी भाग घेत नसत. कोणी विचारलंच तर "मुलगा चांगला आहे" एवढं म्हणून पंचांग उघडत. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. बडनेऱ्याहून गाडीत बसून, मूर्तिजापूरच्या फलाटावरची भजी खात मी अकोल्याला आले आणि दोन खोल्यांत संसार मांडला. आमच्या पिढीच्या रिवाजाप्रमाणे मी नवऱ्याला 'हे' म्हणत आले, इथेही तसंच लिहिते. हे रोज उजाडता उजाडता सायकलवर टांग मारून जात आणि दुपारी परत येत ते आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. केस ओले, हाताला साबणाचा वास. मला वाटलं, काय सोवळ्याचा माणूस मिळाला! भिक्षुकाच्या मुलीला आणखी काय हवं?

शेजारच्या वकीलबाईंनी माझा भ्रम फोडला. नळावर भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "तुमचे साहेब खत डेपोवरच असतात ना दिवसभर? घरी आले की पुन्हा एकदा आंघोळ करायला लावत जा हो."

"कसला डेपो?"

"अगं बाई! तुम्हाला सांगितलं नाही? सगळ्या गावचा मैला जातो तिथे."

त्या दुपारी मी ताट वाढलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि वर पाहिलं.

"काय झालं?"

"तुम्ही फसवलंत आम्हाला. आरोग्य खातं म्हणालात."

"आरोग्य खातंच आहे ते. आणि तुझ्या बाबांना मी पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं होतं. चर किती खोल खणता, हेसुद्धा विचारलं त्यांनी."

माझा राग इतका वेळ एका माणसावर होता, तो आता दोघांत वाटला गेला. एक समोर जेवत होता आणि दुसरा अमरावतीला पंचांग उघडून बसला होता. मी काही बोलले नाही. ह्यांनी शांतपणे ताक प्यायलं आणि म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल. आधी बघ. मग माझ्याशी बोल, नाहीतर नको बोलूस."

मी गेले. डेपो गावाबाहेर, नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर होता. मी नाकाला पदर घट्ट बांधला होता. माळावर लांबच लांब चर खणलेले, माणूस उभा राहिला तर छातीपर्यंत येतील असे. एका चरात गावातला केरकचरा पसरला होता : पालापाचोळा, चुलीतली राख, बाजारातली सडकी भाजी, जिनिंगमधला कापसाचा कचरा. त्यावर मैल्याचा थर, त्यावर पुन्हा कचरा, असं करत करत वर आलं की मातीनं झाकून टाकायचं. माशा मला वाटल्या होत्या त्याच्या मानानं काहीच नव्हत्या. झाकलेल्या एका चरात लोखंडी गज खुपसून ठेवला होता. ह्यांनी तो उपसला. "हात लाव," म्हणाले.

मी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. चुलीजवळ राहिलेल्या उलथन्यासारखा तो तापला होता.

"आत जाळ केलाय?"

"कोणी केला नाही. ते आपलं आपणच तापतं. त्या तापात रोगराई मरते, गवताचं बी मरतं. मग हळूहळू थंड होतं."

मग त्यांनी मला शेवटच्या चराकडे नेलं. तो काही महिन्यांपूर्वी भरलेला होता आणि आता उघडला होता. आत काळीभोर, मोकळी, भुसभुशीत माती. ह्यांनी ओंजळभर उचलली आणि माझ्या नाकाखाली धरली. मी मागे सरकले, पण हात तसाच पुढे राहिला. शेवटी मी पदर सैल केला. तुळशीची कुंडी उकरल्यावर येतो तसा वास आला. दुसरा कसलाही नाही.

"जवारी वावरातून गावात येते," ते सांगायला लागले, "तूर येते, भाजी येते. बैलबंड्या भरभरून येतात. परत काय जातं? रिकामी बंडी. वावर देतच राहतं आणि आपण ते सगळं नदीनाल्यात सोडून देतो. नत्र, स्फुरद, पालाश, सगळं यात आहे. जुने लोक याला सोनखत म्हणायचे ते उगीच नाही."

नत्र, स्फुरद आणि पालाश हे शब्द ते असे उच्चारत की जणू एका घरातले तीन कर्ते भाऊच. नागपूरला शेतीचं शिक्षण घेताना ते हे शिकले होते. मोझरीच्या आश्रमातल्या सफाईच्या शिबिरात त्यांनी स्वतः चर खणले होते. नोकरी मिळाली तेव्हा दुसऱ्या कोणाला नको असलेली ही जागा त्यांनी मागून घेतली होती. ते बोलत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. गाभाऱ्यातून बाहेर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी तिथे होतं. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलायला लागले.

खत तयार होत होतं, पण घेत कोणी नव्हतं. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी शेणखतासाठी भांडत, आणि हे खत नुसतं दाखवलं तरी हात मागे घेत. हे आठवडी बाजाराच्या दिवशी खताची पुडी खिशात घालून फिरत. लोक पुडी उघडत, चिमटीत धरत, वास घेत, "मस्त माती हाय" म्हणत. मग "कशाची हाय?" असं विचारत आणि उत्तर ऐकलं की पुडी तिथेच टाकून धोतराला हात पुसत. "वावर बाटते साहेब," एकानं स्पष्टच सांगितलं. डेपोवर खताचे ढीग वाढत चालले.

त्यांना यायला उशीर होणार असला की मी आता त्यांचा डबा घेऊन डेपोवर जाऊ लागले होते. अशाच एका दुपारी एक शेतकरी चालत आले. उंच, चाळिशीचे, डोक्याला पांढरा दुपट्टा. गाव जवळचंच. दोन वर्षांपूर्वी ते घरच्यांना घेऊन नागपूरला गेले होते आणि बौद्ध होऊन परत आले होते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांकडे सालदारी करून त्यांनी गावाच्या शेवटी थोडी जमीन घेतली होती, कोणालाच नको असलेली, बरड. पुढे ते आमच्या घरचेच झाले. मी त्यांना भाऊ म्हणत असे, ते मला वयनी म्हणत.

"साहेब, हे खत तुमी देता म्हणे. पाहू द्यान काय?"

ह्यांना आनंद झाला. आपल्या पायांनी चालत आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. भाऊंनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतलं खत काढलं, तळव्यावर चोळलं, हुंगलं.

"चांगलं हाय. माह्या वावराले हेच पाह्यजे."

तेवढ्यात गावाकडून सफाईच्या बाया आल्या. तेव्हा त्यांना जे म्हणत ते मी इथे लिहीत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, तोंड पदरानं बांधलेलं. एकेक करून त्यांनी टोपली चरात रिकामी केली. एकीच्या खांद्यावर ओघळ आला होता. भाऊ बघत उभे राहिले.

"हे असं येते इथवर?"

"लांबच्या पेठांतून हेल्यांनी ओढलेल्या गाड्या येतात," हे म्हणाले. "जवळच्या गल्ल्यांतून असं."

"मंग मले नाई पाह्यजे."

त्यांनी हात झटकले आणि चालू लागले. हे त्यांच्या मागे धावले. साहेब धावतोय म्हणून बाया थांबून बघायला लागल्या.

"अहो, पण झालं काय? खतात काही खोट आहे का?"

"खतात नाई." भाऊ थांबले. "साहेब, आमी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं काम बंद केलं, पाणी बंद केलं. तरी सोडलं ते सोडलं. आता माह्या वावराचं पोट या बायांच्या डोक्यावरच्या टोपल्यानं भरन, तं मी सोडलं काय? माह्या डोक्यावरचं काढून दुसऱ्याच्या डोक्यावर देलं, इतकंच ना?"

ते गेले. त्या संध्याकाळी जेवताना ह्यांनी एकदाच तोंड उघडलं. "चरात पडल्यानंतरचं सगळं माझं काम, असं मी धरून चाललो होतो," म्हणाले. "चरापर्यंत ते कसं येतं, ते दुसऱ्या कोणाचं तरी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीचा ध्यास घेतला. दोन चाकांची, झाकणाची, एका माणसाला ढकलता येईल अशी गाडी. वरचे साहेब भले होते, पण अशा गाड्यांची तरतूद नाही म्हणाले. भंगारात पडलेली चाकं उचलायला मात्र त्यांनी परवानगी दिली. एका जिनिंगवाल्यानं पिपं दिली. हे लोहाराच्या भात्यापाशी बसून राहत आणि घरी येऊन पाटीवर गाडीची चित्रं काढत. पहिली गाडी तयार झाली तेव्हा त्यांनी ती एखादं बाळ दाखवावं तशी बायांना दाखवली.

बाया हसल्या. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर बाई, जिच्या जिभेला सगळे टरकून असत, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, आमच्या गल्ल्या तुमी पाह्यल्या काय? हे धूड तिथी वळन? तुमीच ढकलून दाखवा एक डाव. भरून."

"दाखवतो," हे म्हणाले.

आणि दाखवलं. दिवसाढवळ्या, बाजारपेठेतून, आमच्या गल्लीवरून. मी नळावर होते. गल्लीच्या तोंडाशी आधी गलका ऐकू आला, मग नाकाला रुमाल लावून बाजूला होणारी माणसं दिसली, आणि मग हे. सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या, कपाळावर घाम, हातात गाडीचा दांडा. मागे ती म्हातारी बाई पहारेकऱ्यासारखी चालत होती. वकीलबाईंच्या हातातली कळशी तशीच राहिली.

"अगं बाई, तुमचे हे ना?"

"हो," मी म्हटलं. "माझेच."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं, कारण मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटत होता आणि तो सांगायला दुसरी वेळ नव्हती. पुढच्या बोळात गाडी अडली. चाक गटारात गेलं, वळेना. म्हातारी म्हणाली, "पाह्यलं?" हे म्हणाले, "पाहिलं. तुमचं बरोबर आहे." त्यांनी गाडी परत नेली आणि लोहाराकडून आस आखूड करून घेतला, चाकं आत घेतली. दुसऱ्यांदा गाडी वळली. तिसऱ्या वेळी म्हातारीनं त्यांच्या हातातून दांडा काढून घेतला आणि स्वतः ढकलली. "आता जमन," म्हणाली.

त्या वर्षी आमच्या घरी हळदीकुंकवाला फार थोड्या बायका आल्या. वकीलबाई आल्या नाहीत. पण आणखी गाड्या झाल्या, हळूहळू, एकेक पेठ करत. सगळी टोपली एका दमात गेली असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. काही बोळ इतके अरुंद होते की तिथे पुढेही बरीच वर्षं गाडीपर्यंत टोपलंच चाललं, आणि ते ह्यांना लागून राहिलं. पण डेपोवर डोक्यावरून काही येऊ द्यायचं नाही, हा नियम त्यांनी केला आणि पाळला. मग ते सायकल काढून भाऊंच्या गावी गेले आणि म्हणाले, "येऊन बघा."

भाऊ आले. सकाळभर डेपोच्या फाटकाशी बसून राहिले. एकामागून एक गाड्या येताना पाहिल्या. म्हातारीशी ते काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. मग उठले, दुपट्टा पुन्हा बांधला आणि म्हणाले, "उद्या बंडी आणतो."

ती पहिली बंडी भरून निघाली तेव्हा हे सायकलवरून तिच्या मागोमाग भाऊंच्या गावापर्यंत गेले. पुढचं मला त्यांनी सांगितलं. पाटलांच्या ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, "काहून रे, ढोरं सोडले आन् हे धरलं काय?" भाऊंनी बैल थांबवले नाहीत. पण खरा त्रास पुढे होता. त्यांच्या स्वतःच्या वस्तीतली माणसं वाट अडवून उभी होती. सगळी ओळखीची, नात्यागोत्यातली. जी घाण सोडण्यासाठी एवढं सोसलं ती याच माणसानं बंडी भरून वस्तीत आणावी, हे त्यांना सहन होईना. एक म्हातारबुवा रडवेले होऊन म्हणाले, "आपल्याले हेच करा लागन काय रे जल्मभर?"

भाऊ बंडीवरून उतरले. "बुवा, आपण जे सोडलं ते दुसऱ्याच्या हुकमाचं सोडलं," ते म्हणाले. "हे माहं वावर हाय, माही बंडी हाय. मले कोणी सांगतलं नाई. म्या जाऊन पाह्यलं, हात घालून पाह्यलं, मंग आणलं. हे आता घाण नाई. हात लावून पाहा. नाई पटलं तं बंडी इथूनच माघारी नेतो."

कोणी पुढे येईना. तेव्हा भाऊंच्या बायकोनं घमेलं आणलं, बंडीतलं खत भरलं, आणि सगळ्यांच्या समोर आपल्या परसातल्या वांग्यांच्या रोपांना घातलं. मागे वळून म्हणाली, "बंडी जाऊ द्या. पोट्टे उनात उभे हायेत." वाट मोकळी झाली.

ह्यांच्या सांगण्यावरून भाऊंनी अर्ध्या वावरात खत घातलं, अर्धं तसंच ठेवलं. त्या साली पेरणी वेळेवर झाली, पण जवारी गुडघ्याला लागली आणि पावसानं ओढ दिली. हे रोज आभाळाकडे बघत. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर वावरावर गेले. धुऱ्याच्या बांधावर उभं राहिलं की दोन वावरं दिसत होती. एकीकडे पानं सुरळी करून उभी, फिकट. दुसरीकडे गर्द हिरवी, रुंद, वाऱ्यावर हलणारी. मधे नुसती एक ओळ. भाऊंनी खत घातलेल्या बाजूची माती उकरून माझ्या हातावर ठेवली. ती अजून ओली होती.

"वयनी, बरड जमिनीले पाणी धरता येत नाई," ते म्हणाले. "हे खत आलं आन् तिले मूठ आली."

ह्यांनी मला नत्र आणि पालाश तासभर समजावलं असतं, पण ते वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. तेही ऐकत राहिले.

गावाच्या रस्त्यावरून जाणारे लोक बंड्या थांबवू लागले. कणसं भरली तेव्हा पाटील स्वतः धुऱ्यावर येऊन गेले. आणि पुढच्या उन्हाळ्यात डेपोवर बंड्या यायला लागल्या. गंमत अशी की त्या भरल्या की वरून कडबा पसरत, म्हणजे आत काय आहे ते कोणाला दिसू नये. हे हसायचे. "वावराला दिसलं म्हणजे झालं," म्हणायचे. नंतरच्या वर्षांत कडबा गेला आणि बंड्यांची रांग लागू लागली. आधी नंबर कोणाचा यावरून भांडणंही झाली, आणि ती ऐकताना ह्यांना एखादं गाणं ऐकल्यासारखं वाटायचं.

त्याच सुमारास बाबा पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या आईनं मोडलं असतं." ते थांबून म्हणाले, "मुलगी बघायला आलेला माणूस आपल्या नोकरीबद्दल असं खरं बोलतो, हे मी आजवर पाहिलं नव्हतं. दोनशे लग्नं लावली असतील मी."

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. हातात वांग्यांची पिशवी. मी त्यांना घरात बोलावलं, बसायला सतरंजी टाकली. बाबा खाटेवर जपमाळ घेऊन बसले होते. भाऊंनी पिशवी माझ्याकडे दिली आणि सरळ बाबांकडे वळले.

"महाराज, हे वांगे आमच्या घरचे हायेत. खत साहेबाच्या डेपोचं हाय. आताच सांगून देतो, मंग म्हणसान सांगतलं नाई."

बाबांनी माळ थांबवली. एक वांगं मागून घेतलं, देठापाशी धरून फिरवून पाहिलं. जांभळं, काटेरी, चकचकीत.

"भरली कर," मला म्हणाले.

मी केली. दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला, सगळं घातलं. ताटं मांडताना ह्यांनी भाऊंचं पान बाबांच्या पानाशेजारी मांडलं. बाबा म्हणाले, "तुम्ही बसा. माझा जप राहिलाय अजून." ते मागाहून एकटे जेवले. दोन वांगी खाल्ली, सावकाश, आणि तिसरं मागून घेतलं. पण पंगतीला बसले नाहीत. भाऊंना ते कळलं होतं. निघताना दारात ते ह्यांना म्हणाले, "वांगे जमले महाराजले. पंगत जमली नाई." त्यात कडवटपणा नव्हता, पण ते म्हटल्याशिवाय ते गेले नाहीत. भाऊंचं मला हेच फार आवडायचं. ते कोणालाही सोडत नसत.

ह्यांनी सासऱ्यांना काही ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना डेपो दाखवायला नेलं. बाबा गजाला हात लावून आले आणि तापलेल्या गजाबद्दल दिवसभर बोलत राहिले. अमरावतीला परतताना फलाटावर मला हळूच म्हणाले, "आईला वांग्यांचं सांगू नकोस."

आणखी दोन-तीन हिवाळे गेले आणि भाऊंनी सगळ्यांना वावरात हुरड्याला बोलावलं. बाबा तेव्हा आमच्याकडेच होते. वावरात खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव केला होता. भाऊ कणसं भाजत, तळहातावर चोळत आणि गरम दाणे ज्याच्या त्याच्या ओंजळीत टाकत. डेपोवरची ती म्हातारी बाईही आली होती, नव्या लुगड्यात. हुरड्याला पान नसतं, पाट नसतो, पंगत नसते. विस्तवाभोवती जागा मिळेल तिथे बसायचं. बाबा आधी उभेच होते. मग धूर डोळ्यांत जायला लागला म्हणून म्हणा किंवा आणखी कशानं म्हणा, ते वाऱ्याच्या बाजूला सरकले, आणि तिथे भाऊ आणि म्हातारी यांच्यामधे मोकळी जागा होती. ते बसले. ओंजळ पुढे केली. भाऊंनी तीत दाणे टाकले. म्हातारी म्हणाली, "महाराज, मीठ घ्या," आणि मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी घेतलं.

ह्यांची बदली अमरावतीला झाली तेव्हा साठचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. तोवर खेड्यापाड्यांत रासायनिक खताची पोती पोचली होती आणि डेपोवरची रांग थोडी ओसरली होती. नवे साहेब चार्ज घ्यायला आले ते नाकाला रुमाल लावून. ह्यांनी त्यांना एकेक चर दाखवला, थर कसे द्यायचे, झाकायचं कधी, उघडायचं कधी, ते सांगितलं, आणि शेवटी गाड्यांपाशी नेलं. "खत थोडं कमी झालं तरी चालेल," ते म्हणाले, "पण टोपलं फाटकाच्या आत येऊ देऊ नका." नव्या साहेबांनी मान डोलावली. पुढे त्यांनी ते पाळलं, असं भाऊंकडून कळलं.

भाऊ अमरावतीला आमच्याकडे येत राहिले. त्यांची लेक आता कॉलेजला होती, तिला भेटायला आले की आमच्याकडे मुक्काम. मग ओसरीवर दोघांची जुंपायची. भाऊ आता युरियाही वापरत होते. हे म्हणत, "त्यानं माती दमते." भाऊ म्हणत, "साहेब, नुसतं वापरलं तं दमते. म्या दोनी वापरतो. तुमचं खत हाय भाकर, ते हाय मीठ." हे म्हणत, मीठ वाढत जातं आणि भाकर कमी होत जाते, बघाल तुम्ही. वाद मिटत नसे. मी चहा ठेवून आत जाई आणि आतून ऐकत राही. ज्याला कोणी काही दिलं नव्हतं असा एक माणूस आणि जे कोणाला नको होतं ते मागून घेणारा दुसरा, दोघेही मातीला काय परत द्यायचं यावर इतक्या तळमळीनं भांडत होते, आणि त्या भांडणात मला कधीही कोणाची बाजू घ्यावीशी वाटली नाही.